गंज आडोशाला बसून खातो

जुन्या काळ्या सायकलची दांडी आठवा. तिच्यावर फाटक्या ट्यूबची पट्टी वेटोळी घालत गुंडाळलेली असते. हेतू चांगला असतो. रंग खरचटू नये, दुधाच्या किटलीचा कान घासू नये, दांडीवर बसलेल्या पोराला उन्हात तापलेलं लोखंड चटकू नये. पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात, पाटस, वरवंड, रोटी या भागात उसाच्या बांधाला नाहीतर विहिरीच्या कठड्याला अशी एखादी सायकल अजून टेकलेली दिसते. तिची ती पट्टी आठदहा वर्षांनी कुणी सोडली, तर पुष्कळदा एक विचित्र दृश्य दिसतं. उन्हापावसात उघडी राहिलेली खालची नळी नुसती फिकट झालेली असते. मायेनं झाकलेल्या दांडीचा रंग मात्र पापुद्र्यांनी सुटून हातात येतो आणि त्याच्याखाली तांबडी भुकटी असते.

झाकलेलं सडलं, उघडं टिकलं. पाणी आणि हवा लागली की लोखंड गंजतं, हे तर शाळेत शिकलेलं. मग जिथे हवा कमी पोचली, तिथेच गंज जास्त कसा?

या उलट्या हिशेबात पोलादी सायकल सांभाळायची जवळजवळ सगळी विद्या आहे. ती समजली की मग कुठलं तेल आणि कुठलं पॉलिश हे प्रश्न फारसे उरत नाहीत.

आधी गंज, मग सायकल

गंज म्हणजे लोखंडाला जडलेला आजार, असं आपण धरून चालतो. पण वयाचा हिशेब केला तर गंज थोरला आहे आणि लोखंड धाकटं.

सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या समुद्रात लोह विरघळलेलं होतं, आज मीठ असतं तसं. हवेत मोकळा प्राणवायू नव्हताच म्हटलं तरी चालेल. मग सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंनी प्राणवायू सोडायला सुरुवात केली. तो हवेत साठण्याआधी समुद्रातल्या लोहाला भिडला. समुद्र गंजला म्हणा ना! तो गंज थराथरांनी तळाशी बसला, त्याचा खडक झाला. जगातल्या बहुतेक मोठ्या लोहखाणी अशाच पट्टेदार खडकांत आहेत. आपल्याकडचं गडचिरोलीतलं सुरजागड आणि गोव्याच्या खाणीही त्याच कुळातल्या.

त्या खनिजातला प्राणवायू कोळशाच्या धगीनं ओढून काढायचा, तेव्हा कुठे लोखंड सुटं होतं. या कामी भट्टीत पुष्कळ उष्णता ओतावी लागते. म्हणजे सायकलची नळी हे बळंच सासरी धाडलेलं लोखंड. माहेरची वाट त्याला पाठ असते. पाणी आणि प्राणवायू दोघे सोबतीला मिळाले की ते निघालंच.

भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांच्याकडे तांबं होतं, लोखंड नव्हतं. तांब्यावर हिरवट थर चढतो, पण तो धातूला चिकटून बसतो आणि आतल्या तांब्याची राखण करतो. नंतर आलेलं लोखंड तांब्यापेक्षा मुबलक आणि कामाला दणकट. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला तर इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे. पण लोखंडासोबत त्याची खोडही आली. त्याचा गंज भुसभुशीत असतो. मूळ लोखंडापेक्षा तो दुपटीहून जास्त जागा व्यापतो, पाणी धरून ठेवलेलं असेल तर कितीतरी जास्त. जागा पुरली नाही की तो फुगतो, रंग उचलतो आणि पापुद्र्यानं सुटतो. आतलं कोरं लोखंड पुन्हा उघडं पडतं. तांब्याचा थर म्हणजे चिलखत, आणि लोखंडाचा गंज म्हणजे आतल्या गोटातलाच फितूर.

पाटसच्या स्टेशनात उभं राहून रुळाकडे पाहा. पुण्याहून दिक्सळपर्यंत ही रेल्वे १८५८ साली सुरू झाली. रुळाचा माथा चाकांनी घासून आरशासारखा असतो आणि बाजू तपकिरी गंजलेल्या. रुळांना कुणी रोज तेलपाणी करत नाही, तरी ते वर्षानुवर्षं चालतात, कारण रुळाची कंबरच दीड सेंटिमीटरहून जाड असते. गंजाला खायला पुष्कळ आहे. सायकलच्या नळीची भिंत जेमतेम एक ते दीड मिलिमीटर असते, भारी सायकलींत त्याहूनही पातळ. तिच्याकडे उधळायला काही नाही.

एका थेंबाखालची बॅटरी

आता त्या ट्यूबच्या कोड्याकडे येऊ. ते ज्या प्रयोगानं उलगडतं, तो करायला एक थेंब पाणी पुरतं.

केंब्रिजमध्ये युलिक इव्हान्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. धातूंचं गंजणं हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय. घासून चकचकीत केलेल्या पोलादी पत्र्यावर त्यांनी मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. त्या पाण्यात दोन रसायनं मिसळली होती. लोह विरघळायला लागलं की त्यातलं एक निळं होतं. अल्क तयार झाला की दुसरं गुलाबी होतं. थोड्या वेळानं थेंबात चित्र उमटलं: मध्यभागी निळा डाग, कडेनं गुलाबी कडं आणि दोहोंच्या मध्ये तांबूस गंजाचं वर्तुळ.

म्हणजे लोखंड खाल्लं जात होतं थेंबाच्या मध्यभागी, जिथे पाणी सर्वांत खोल आणि हवा पोचायला सर्वांत अवघड. कडेला पाण्याचा थर पातळ, तिथे प्राणवायू भरपूर. तरी तिथलं लोखंड शाबूत!

कारण गंजणं हा विजेचा व्यवहार आहे. मध्यभागी लोखंडाचा अणू आपले इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन धातूतून कडेपर्यंत धावतात आणि तिथला प्राणवायू ते उचलतो. टॉर्चच्या सेलमध्ये जे चालतं तेच इथे, थेंबाएवढ्या जागेत. प्राणवायू हा गिऱ्हाईक खरा, पण तो दारात उभा असतो. माल जातो घराच्या आतल्या, कोंदट खोलीतला.

हेच चित्र दांडीवर ठेवून पाहा. वेटोळ्यांच्या फटीतून पावसाचं पाणी आत शिरतं. शिरायला फट पुरते, वाळायला वारा लागतो आणि तो तिथे नाही. पट्टीच्या कडेला हवा खेळती, आत कोंडलेली. इव्हान्स यांचा थेंब ताणून हातभर लांब केला तर जे होईल, तेच दांडीवर वर्षानुवर्षं होत असतं. रंगात कुठेतरी सुईच्या टोकाएवढं भोक असलं की पुरे.

एकदा हे कळलं की सायकलवरचे सगळे आडोसे दिसायला लागतात. सीटच्या नळीभोवतीची पकड. कॅरिअरची क्लिप. मडगार्डच्या पोटात साचलेला चिखल. कंपनीच्या स्टिकरची सुटलेली कड. नव्या सायकलवरचं, नवेपण टिकावं म्हणून वर्षभर न काढलेलं प्लास्टिक. गंज चव्हाट्यावर बसत नाही, आडोशाला बसून खातो.

गारगोटीची लेखणी

गंजाला आत शिरायला वाट लागते, ती बहुतेक वेळा ओरखड्यानं मिळते. सायकलवरचा रंग सगळे थर धरून साधारण माणसाच्या केसाएवढा जाड. बाहेरच्या जगात आणि लोखंडात अंतर तेवढंच.

जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोह्स यांनी १८१२ साली दगडांच्या कठीणपणाची एक उतरंड लावली. शंखजिरं तळाला, १ वर. हिरा शेंड्याला, १० वर. आपलं नख सुमारे अडीचवर बसतं, साधं पोलाद चार-पाचच्या आसपास, आणि गारगोटी ७ वर. भीमेच्या वाळूत गारगोटीचे कण असतात. म्हणजे वाळूचा कण पोलादावरही रेघ ओढू शकतो. रंगाची काय कथा?

म्हणून सायकलला सर्वांत जास्त ओरखडे कोण पाडतं? ती प्रेमानं पुसणारा माणूस. महामार्गाकडेनं आलेली धुळकट सायकल आपण कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसतो. फडक्यात आणि रंगात सापडलेला प्रत्येक कण तेव्हा लेखणी होतो. सकाळच्या तिरप्या उन्हात काळी दांडी धरून पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतील. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग ओल्या मऊ कापडानं पुसावं, शेवटी कोरडं करावं. क्रम एवढाच. तेलाचा हात फिरवला की सायकल तुकतुकीत दिसते खरी, पण तेल धूळ धरतं आणि तेल-धुळीचं ते मिश्रण म्हणजे घासायची पेस्टच.

उसाचं पातं हाताला कापतं, हे या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. ऊस जमिनीतून सिलिका ओढून घेतो आणि पात्यात साठवतो. गारगोटीही त्याच सिलिकाची. पात्याच्या कडेला करवतीसारखे बारीक दात असतात. जनावरांसाठी वाढ्यांचा भारा कॅरिअरवर रोज आवळून आणला की मागच्या नळ्यांवरचा रंग हळूहळू विटत जातो. त्यात किटलीचा आकडा, कुलपाची साखळी आणि हँडल वळलं की डोक्याच्या नळीला घासणारी ब्रेकची वायर यांची भर. ओरखडे कुठेही पडत नाहीत, त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. आपली सायकल दहा मिनिटं न्याहाळली तर त्या बोटावर मोजता येतात.

ओरखडा एकदा लोखंडापर्यंत गेला की कधीकधी एक नवलाची गोष्ट घडते. रंगाच्या खाली दोऱ्यासारख्या बारीक, नागमोडी रेषा पसरू लागतात. वाळवीनं भिंतीवर माग काढावा तशा. दोऱ्याचं तोंड पुढे सरकत लोखंड खातं, शेपटीकडून हवा येते, मागे कोरडा गंज उरतो. पुन्हा तोच थेंब, फक्त आता तो चालायला लागलेला. यातलं खरं आश्चर्य असं, की दोन दोरे एकमेकांना ओलांडत नाहीत. एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीशी आलं की ते वळसा घेऊन परत फिरतं. दुसऱ्याच्या मागावर त्याला प्राणवायूचा लागतो तो फरक मिळत नाही. बुद्धी नसलेल्या रसायनाची ही शिस्त पाहून माणूस गप्प होतो.

कोरड्या गावातला ओलावा

कोकणात सायकल गंजते हे पटतं. पण दौंड तालुका पर्जन्यछायेतला. इथे गंजाला कशाला घाबरायचं?

गंजाला पाऊस लागत नाही, ओलावा लागतो. हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर धरतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ व्हर्नन यांनी गेल्या शतकात हा उंबरठा दाखवून दिला. स्वच्छ पृष्ठभागाला हा उंबरठा उंच असतो. खारट, मळकट पृष्ठभागाला तो खाली येतो.

खडकवासल्याचं पाणी मुठा उजव्या कालव्यानं दौंडपर्यंत आलं आणि या माळरानात ऊस उभा राहिला. भिजवलेल्या उसाच्या कडेला हिवाळ्याच्या रात्री सायकल उघड्यावर ठेवा. मोकळ्या आकाशाखाली लोखंड आपली उष्णता आकाशाकडे सोडतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतं. पहाटे सीटवर, दांडीवर दव डवरलेलं असतं. गोठ्याच्या छपराखाली ठेवलेली सायकल त्याच रात्री कोरडी राहते. छप्पर पाऊस अडवतं, तसं ते सायकलला आकाशापासूनही झाकतं.

दुसरा ओलावा आपणच कॅरिअरवर लादून आणतो. बहुतेक रासायनिक खतं म्हणजे क्षारच. हवेतलं पाणी ओढायची त्यांना सवय. पावसाळ्यात युरियाची उघडी गोणी ओलसर होऊन तिचे खडे बनतात, ते याचमुळे. पोटॅशच्या खतात तर बहुधा क्लोराइड असतं, मिठाच्या अर्ध्या अंगाचं. आणि क्लोराइड म्हणजे गंजाचा जुना दलाल. फाटक्या गोणीतून सांडलेले चार दाणे मागच्या सांध्यात बसले तर समुद्रकिनारा तिथे आपणहून येतो. खत वाहिलेल्या दिवशी सायकलवर दोन तांबे साधं पाणी ओतणं, हे कुठल्याही पॉलिशपेक्षा मोलाचं आहे. दांडीवर टपकणारा घामही खाराच, त्याचीही तीच वासलात.

गंजाला गेरूचं कुंपण

मग या दुबळ्या नळीचं रक्षण माणसानं कसं केलं? एकावर एक थर देऊन. त्यातल्या प्रत्येक थरामागे वेगळी युक्ती आहे.

पहिला थर आपल्याला दिसतच नाही. चांगल्या कारखान्यात रंगाआधी नळ्यांना फॉस्फेटचं स्नान घालतात. लोखंडाच्या अंगावर फॉस्फेटचे बारीक स्फटिक उगवतात, रंग त्यांना धरून बसतो. या फॉस्फरसची पुण्याई आपल्या देशात फार जुनी. दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे. कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं, की त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे स्तंभावर संरक्षक थर धरला आहे. दिल्लीची कोरडी हवाही त्याला साथ देते.

दुसरा थर प्रायमरचा. रंगाच्या दुकानात आपण ‘रेड ऑक्साइड’ मागतो. ते तांबडं काय असतं? लोहाचं ऑक्साइड. म्हणजेच गेरू. म्हणजेच गंजाचा सख्खा भाऊ! तुळशी वृंदावनाला आपण जो गेरू फासतो, तोच लोखंडी खिडक्यांना, ट्रॉल्यांना आणि सायकलला गंजापासून वाचवतो. यात विरोध नाही. जे आधीच पूर्ण गंजलं, ते आणखी काय गंजणार? त्याची बारीक पूड रंगाच्या द्रवात बसते, पाण्याची वाट अडवते आणि वरच्या रंगाला धरायला खरखरीत अंग देते. पण ही पूड मेलेल्या गंजाची. जिवंत, भुसभुशीत गंजावर रेड ऑक्साइड फासलं तर तो एक नवा आडोसा होतो आणि आत खाणं चालू राहतं.

तिसरी युक्ती जस्ताची. छपराच्या पत्र्यावर जस्त असतं. ओरखडा पडला तरी पत्रा लगेच गंजत नाही, कारण इलेक्ट्रॉन द्यायची पाळी आली की जस्त लोखंडाला मागे सारून स्वतः पुढे होतं. जस्ताची पूड घातलेला प्रायमर हेच काम करतो.

रिमवरच्या क्रोमची तऱ्हा निराळी. क्रोमिअम हवेशी लगेच संयोग पावतं, पण त्याचं ऑक्साइड केवळ काही नॅनोमीटर जाड, काचेसारखं गच्च, आणि खरवडलं तरी क्षणात पुन्हा भरून येणारं. तांब्याचा गुण त्याच्यात आहे, तोही न दिसणारा. तरी जुन्या रिमवर तांबडे ठिपके येतात, कारण मुलामा कुठेतरी चिरतो आणि खालचं लोखंड श्वास घेतं. असे ठिपके काढायला पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून हलक्या हातानं घासावी. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ, त्यामुळे ठिपका निघतो आणि चकाकी राहते. मात्र जिथे ब्रेकचं रबर टेकतं, तिथे तेल किंवा मेण लागू देऊ नये. चकाकीपायी ब्रेक घालवणं शहाणपणाचं नाही.

नळीच्या पोटात

आतापर्यंत बाहेरचं झालं. पण फ्रेम पोकळ असते आणि सर्वांत मोठा आडोसा तिच्या पोटातच आहे.

सीटच्या नळीच्या तोंडातून पावसाचं पाणी आत उतरतं आणि सगळ्यांत खाली, पायडलचा आस जिथे फिरतो त्या डब्यात जमतं. कित्येक सायकलींना त्या डब्याच्या बुडाला एक बारीक भोक असतं, पाणी निघून जावं म्हणून. चिखल आणि ग्रीसनं ते बुजतं. तार घालून ते मोकळं करायला अर्धं मिनिट लागतं. पावसात भिजून आलात तर सीट काढून सायकल थोडा वेळ उलटी ठेवा, मग कोरडी होऊ द्या. आत पाणी वाजतंय का, हे हलवून ऐकलं तरी कळतं.

आतून संरक्षण द्यायचं असेल तर जुना उपाय जवसाच्या तेलाचा. आपण जवसाची चटणी खातो, त्याच बियांचं तेल. रंगाच्या दुकानात उकळवलेलं जवसाचं तेल ‘बेलतेल’ म्हणून मिळतं. सायकल उघडली असेल, छर्रे आणि ग्रीस काढलेलं असेल, तेव्हा नळ्यांत थोडं बेलतेल ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची, उरलेलं निथळू द्यायचं आणि काही दिवस वाळू द्यायचं. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू पिऊन वाळतं. त्याचे रेणू एकमेकांत गुंफून चिवट पडदा होतो. लोखंड खाणाऱ्या प्राणवायूकडूनच आपण लोखंडाचं अस्तर विणून घेतो!

पण हे विणकाम उष्णता सोडतं. बेलतेलानं भिजलेला बोळा कोपऱ्यात फेकला तर ती उष्णता कोंडून तो आपोआप पेट घेऊ शकतो. बोळे दोरीवर मोकळे वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत. कोंडणं इथेही घातच करतं.

हिरडा आणि मळी

गंज आधीच धरला असेल तर? दोन उपाय भीमेच्या या खोऱ्याचेच आहेत.

विळीवर आवळा चिरला की फोडी काळ्या पडतात. आवळ्यातलं टॅनिन विळीच्या लोखंडाशी जुळतं आणि काळं संयुग होतं. हिरड्यात टॅनिन याहून भरपूर. भीमा जिथे उगम पावते त्या भीमाशंकरच्या रानात, आंबेगाव आणि जुन्नरच्या डोंगरी गावांत लोक हिरडा गोळा करतात. हिरडा आणि लोहक्षार मिळून पूर्वी काळी शाई होत असे. आज दुकानात ‘रस्ट कन्व्हर्टर’ म्हणून जी बाटली मिळते, तिच्यात बहुधा टॅनिक आम्ल नाहीतर फॉस्फोरिक आम्ल असतं. टॅनिक आम्ल भुसभुशीत तांबड्या गंजाचं काळं, स्थिर संयुग बनवतं. शाईच ती, कागदाऐवजी नळीवर उमटलेली. हिरड्याचा घरचा काढा त्या बाटलीच्या तोडीचा नसतो, पण गंजक्या खिळ्यावर घालून पाहा. तांबड्याचा काळा होताना दिसणं हेच बक्षीस.

दुसरा उपाय मळीचा. पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना आहे, आणि साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, चिकट पाक म्हणजे मळी. जुन्या गाड्या दुरुस्त करणारे लोक जगभर पाण्यात मळी कालवून तिच्यात गंजके भाग एकदोन आठवडे बुडवून ठेवतात. मळीतले सेंद्रिय रेणू गंजातल्या लोहाला चिमट्यात धरल्यासारखं पकडून पाण्यात ओढतात, आणि चांगल्या लोखंडाला फारसं दुखवत नाहीत. मळीची ने-आण सरकारी नियमांत बांधलेली आहे, त्यामुळे ती रीतसर मिळाली तरच. वास मात्र दारात गिऱ्हाईक टिकू देणार नाही.

ओरखड्याचं औषधपाणी

साध्या ओरखड्याला एवढा खटाटोप लागत नाही. जागा साबणानं धुवा, पूर्ण वाळवा. बारीक पॉलिश पेपरनं तांबडेपणा संपून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. आसपासच्या रंगाची कडही घासून उतरती करा, कारण उभी कड म्हणजे पुन्हा आडोसा. घासलेली जागा हातानं चाचपू नका, बोटाचा घामही खारट असतो. थिनरच्या बोळ्यानं पुसा. प्रायमरचे दोन पातळ हात द्या, मग रंगाचे दोन पातळ हात. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही बरे. एका थरातलं भोक दुसऱ्या थरातल्या भोकासमोर येण्याची शक्यता फार कमी.

रंग हाताशी नसेल तर घरातली नेलपॉलिश चालते, आणि हा काही जुगाड नाही. १९२०च्या दशकात मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोजचे झटपट वाळणारे रंग आले. त्यातला ‘ड्युको’ इतका गाजला की आपल्या गॅरेजांत गाडी रंगवण्याला अजून ‘ड्युको मारणं’ म्हणतात. नेलपॉलिशही त्याच घराण्यातली. मोटारीच्या बोनेटवरून बोटाच्या नखावर गेलेला रंग आपण परत सायकलवर आणतो, इतकंच.

ओरखडा पडूच नये म्हणून काय? जिथे वायर घासते, साखळी आपटते, किटली टेकते, तिथे पारदर्शक चिकटपट्टी लावा. अट एकच: ती स्वच्छ, कोरड्या रंगावर काठोकाठ चिकटलेली हवी. जी पूर्ण चिकटते ती ढाल, जी अर्धवट गुंडाळते ती बिळाची वाट. कड उचलली की पट्टी काढा, धुवा, नवी लावा. वर्षातून दोनदा मेणाचा हात फिरवला तर पाणी थेंबाथेंबानं घरंगळतं आणि बसायला जागा शोधत नाही.

पोलाद टिकत नाही, असं नाही. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धातली, पॅराशूटनं सैनिकासोबत उतरायची घडीची बीएसए सायकल तिथे पाहायला मिळते. ऐंशी वर्षांपूर्वीचं पोलाद उभं आहे, कारण कुणीतरी त्याच्या फटी तपासत राहिलं.

तुकोबांची पालखी आषाढाच्या तोंडावर वरवंडहून पाटसमार्गे रोटी घाट चढते, तोवर पाऊस दारात आलेला असतो. त्याआधी, मृग लागण्यापूर्वीच्या एखाद्या कोरड्या दुपारी, दांडीवरची ती ट्यूब सोडा. खाली काय आहे ते पाहा, धुवा, वाळवा, लागेल तिथे रंगाचा हात द्या. ट्यूब हवीच असेल तर पुन्हा गुंडाळा, पण पावसाळा सरला की पुन्हा सोडायची आहे, हे लक्षात ठेवून.